घागरवालीची बहीण

आवडाकाकूंसमोर जायचं तर आधी आपल्या निऱ्या तपासून घ्याव्या लागत. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. लग्न होऊन मी साताऱ्याकडून थेट ग्वाल्हेर संस्थानात आले. शिंदे की छावनीतल्या एका गल्लीत आमचं बिऱ्हाड वरच्या मजल्यावर होतं आणि काकूंचं खाली. पहिल्याच सकाळी मी हातात तांब्या घेऊन जिना उतरते आहे, तोच खालून एक उंच, सडसडीत बाई पुढे आली, तिने माझ्या कमरेला हात घातला, खोचलेल्या निऱ्या सगळ्या बाहेर ओढल्या आणि "हलू नको" असं म्हणून पुन्हा पहिल्यापासून घालायला लागली. ना ओळख ना पाळख. मी आपली तांब्या धरून उभी. शेवटची निरी खोचून ती दोन पावलं मागे सरली, मान तिरकी केली आणि म्हणाली, "हां, आता सातारची दिसतेस. मघाशी गाठोडं उतरून राहिलं होतं."

अशी आमची ओळख झाली. त्या दिवसापासून मी तिच्यासाठी 'सातारकरीण' झाले. माझं खरं नाव तिने कधी विचारलं नाही, आणि मलाही ते सांगायची गरज वाटली नाही.

काकूंची बोटं कधी रिकामी नसत. बोलता बोलता हवेतच निऱ्या पडत. भाजीवालीशी घासाघीस चालू असताना तिच्या टोपलीवरच्या फडक्याला चुण्या पडलेल्या असायच्या. दोरीवरचा टॉवेल, मच्छरदाणी, टांग्याचा पडदा, काही म्हणून नीट नेसवल्याशिवाय तिला सोडवत नसे. आमच्या घरच्या खिडकीचा पडदा तर तिने असा बांधून दिला की यजमान म्हणायचे, आपल्या खिडकीला डोहाळे लागल्यासारखे दिसतात. तोंडी कायम एक वाक्य: "मला सब पता आहे." ज्या गोष्टीबद्दल काहीच माहिती नसे, तिथे ते जरा जास्तच ठासून यायचं.

एकदा मुलींच्या शाळेत बक्षीस समारंभ होता. पाहुण्या म्हणून कोणा बड्या घरच्या बाई आल्या होत्या, अंगावर दागिने असे की खुर्चीसुद्धा दबून गेली असावी. बाई भाषणाला उभ्या राहिल्या, स्त्रीशिक्षणावर बोलायला लागल्या आणि माझ्या शेजारी काकूंची चुळबुळ सुरू झाली. काष्टा सैल आहे, काष्टा सैल आहे, असं ती पुटपुटत होती. मी तिचा हात धरून ठेवला, पण धरून धरून किती धरणार. काकू उठली, बाजूच्या पायऱ्यांनी मंचावर गेली, बाईंच्या मागे बसली आणि सगळ्या सभेसमोर त्यांचा काष्टा सोडून पुन्हा बांधला. बाई एका शब्दालाही अडखळल्या नाहीत. उलट शेवटी शेवटी त्यांचा आवाज चांगलाच चढला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरून काकूंकडे पेढ्यांचा पुडा आला. काकू म्हणाली, बघ, पाठीमागून धीर मिळाला की बाई कशी बोलते.

पण तिची खरी कला पाहायची ती भाद्रपदात. आमच्याकडच्या मराठी घरांतून गौरी येतात त्या दोघी, ज्येष्ठा आणि कनिष्ठा, माहेरी आलेल्या बहिणी. बांबूच्या नाही तर पत्र्याच्या पोकळ कोठ्या, त्यांच्यावर लुगडी, आणि वर पितळेचे मुखवटे. कोठीला लुगडं नेसवणं हे काम दिसतं तितकं सोपं नाही. बहुतेक घरांत गौरी अशा दिसतात की कोणी तरी पिंपाला पाहुणचार करतं आहे. काकूंच्या हाताखालून गेलेली कोठी मात्र एका पायावर भार देऊन उभी राहायची. टोपी बाजारापासून छावनीपर्यंत घराघरांतून तिला न्यायला टांगे येत. एका घरी नवा जावई आला होता, त्याने ओटीवरून आत पाहिलं आणि थोरल्या मेव्हणीबाई समजून ज्येष्ठेला वाकून नमस्कार केला. वर 'प्रवास कसा झाला' असंही विचारलं. उत्तर येईना तसा तो बिचारा रुसून बसला. काकू ती गोष्ट सांगताना जावयाची नक्कल करायची आणि हसता हसता तिचाच पदर ढळायचा.

मी ग्वाल्हेरला आल्यावर काकूंचा असा एकच भाद्रपद पाहिला. त्या थंडीत काका गेले. काका संस्थानच्या पागेत कारकून होते, माणूस इतका मवाळ की घोडेसुद्धा त्यांना विचारून खिंकाळत असावेत. काकूंनी पांढरं लुगडं नेसलं. केस मात्र ठेवले, त्यावरून गल्लीत कुजबुज झाली ती वेगळी. पुढचा भाद्रपद आला. काकूंनी सवयीने टाचण्यांची डबी पुसली, दोरा गुंडाळला आणि दाराशी बसून राहिली. एकही टांगा आला नाही. विधवेच्या हाताने गौरी उभ्या कशा करायच्या, हे सगळ्यांना न सांगता समजलं होतं, आणि काकूंना सांगायचं मात्र कोणालाच सुचलं नव्हतं. मला त्या दिवशी सगळ्या गल्लीचा राग आला. तो अजून पुरता गेलेला नाही.

संध्याकाळी मी खाली गेले तर कोपऱ्यात बैठकीचा लोड उभा केलेला, त्याला नऊवारी लुगडं, काष्टा, डोक्यावरून पदर, सगळं यथासांग. काकू समोर मांडी घालून बसली होती. म्हणाली, "ये, बस. ही लोडाबाई. खाते कमी, बोलत तर नाहीच. हाताला आदत आहे गं, हातांना कोण समजावणार."

मी हसले, तीही हसली, आणि मग तिने लोडाबाईची एक निरी पुन्हा सारखी केली.

त्याच्या पुढच्या वर्षी आमच्या चौकात कारंजं आलं. शहरात नळ येऊन चांगले रुळले होते, बागांतून कारंजी होतीच, पण आमच्यासारख्या चौकात शोभेचं म्हणावं असं हे पहिलंच. खालच्या दगडी हौदातून लोकांनी पाणी भरावं आणि वरून ते नाचत पडावं अशी दरबारची कल्पना. काम पाहायला साने नावाचा ओव्हरसियर होता. पोरगेला, अविवाहित, बायकांशी बोलताना टोपी हातात घेऊन त्या टोपीशीच बोलणारा. एका सकाळी गवताने भरलेला भला मोठा खोका आला, हमालांनी तो फोडला आणि आतून एक संगमरवरी बाई निघाली.

बाई मोठी देखणी होती. एका हाताने खांद्यावरची घागर धरलेली, घागर जराशी कलंडलेली. दुसऱ्या हाताने कमरेशी वस्त्र सावरलेलं, आणि ते वस्त्र घसरता घसरता जिथे थांबलं होतं तिथे ते थांबलं कसं, हा प्रश्न सगळ्या चौकाला पडला. कमरेच्या वर तर प्रश्नच नव्हता. चौकाने तिचं नाव त्याच दिवशी ठेवलं, घागरवाली.

काकूंनी सगळ्यांच्या आधी खोक्यात डोकं घातलं. गवत उपसत तिने सान्याला विचारलं, हिची बहीण कुठे आहे. सान्याला काही कळेना. काकू म्हणाली, अशी नटून बाहेरगावाहून आलेली बाई एकटी कशी येईल, जोडीने येतात, नीट बघा, गवतात राहिली असेल. तिने त्या गरीब माणसाकडून सगळं गवत उलटंपालटं करून घेतलं. शेवटी साने म्हणाला की खोका एकच होता आणि बाईही एकच होती. काकू हळहळली.

मग पुढचे कित्येक दिवस काकू कामावर जाऊन बसायची आणि सान्याला प्रश्न विचारायची. सान्याने वाचन पुष्कळ केलेलं होतं. तो सांगायचा, विलायतेकडे गावोगावी कारंज्यांवर अशा बाया आहेत. फार जुन्या काळी तिकडच्या लोकांना वाटायचं की प्रत्येक झऱ्यात एक कुमारी राहते आणि तिला नमस्कार केल्याशिवाय पाणी घेऊ नये. पुढे राजे आले. त्यांनी त्याच कुमारीला दगडात उभं केलं, म्हणजे लोकांना दिसावं की हे पाणी आम्ही दिलं. कुठे ती नदी असते, कुठे ऋतू, कुठे खुद्द त्या शहरालाच बाई करून उभं केलेलं असतं. दारू सोडा आणि पाणी प्या असं सांगणाऱ्याही बाया असतात, हातात सुरई घेतलेल्या. झरा आटत नाही तशी आईची माया आटत नाही, म्हणून पाण्याच्या तोंडाशी बाई.

काकूंनी हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि पुरुष? पुरुष नाही का एकही पाण्यावर?"

आहेत की, साने म्हणाला. मोठमोठ्या नद्यांचे देव दाढीवाले पुरुष आहेत. ते कोपरावर रेलून आडवे पडलेले असतात, घागर बाजूला लवंडलेली असते आणि पाणी आपोआप वाहत असतं.

"म्हणजे तिथेही पुरुष आडवे, आणि बाई घागर घेऊन उभी," काकू म्हणाली. "मला सब पता होतं."

त्या दिवसापासून काकूंचं घागरवालीशी नातं जुळलं. हौदावर पाणी भरायला गेली की ती आधी तिची विचारपूस करायची. थकलीस का, हात दुखतो का, तुझी सासू कोण गं. दगडाची झाली तरी पाणी भरणं सुटलं नाही हिचं, असं मला सांगून उसासा टाकायची आणि लगेच स्वतःच खुदकन हसायची.

अडचण दाजीसाहेबांची होती. दाजीसाहेब दरबारच्या दफ्तरातून निवृत्त झालेले, चौकातले वडीलधारे, शब्दाचे पक्के आणि कपाळावरच्या आठ्यांचेही पक्के. त्यांच्या दिवाणखान्याची खिडकी नेमकी घागरवालीसमोर उघडायची. पहिल्या दिवशी त्यांनी ती धाडकन लावली. मग, वारा येत नाही म्हणून, अर्धी उघडली. मग बाई किती निर्लज्ज आहे हे नीट पाहून दरबारला कळवता यावं म्हणून पूर्ण उघडली. ते दरख्वास्त लिहायला बसले, की आमच्या लेकीसुना या चौकातून जातात, तरी ही मूर्ती इथून हलवावी. लेकीसुना खरोखरच संकोचत होत्या, खोटं का बोला. पाणी भरताना सगळ्यांच्या माना खाली. नवी सून तर डोळे मिटून घागर भरायची आणि अर्धं पाणी पायावर घ्यायची.

मूर्ती हलवणार असं ऐकून काकू कासावीस झाली. तिने मला घेतलं आणि आम्ही दोघी किला गेटजवळच्या अजबखान्यात गेलो, कारण तिथे जुन्या देवळांच्या मूर्ती आहेत असं साने बोलून गेला होता. दाराच्या चौकटीवर असतात तशा गंगा आणि यमुना तिथे होत्या, एकीच्या पायाखाली मगर, दुसरीच्या कासव. हातांत कलश, आणि अंगावर कपडा म्हणाल तर घागरवालीपेक्षा काही जास्त नव्हता. काकूंनी दोघींना निरखून पाहिलं. माझ्या दंडाला चिमटा काढून ती म्हणाली, बघ, मी म्हणत होते ना, दोघी असतात. परतीच्या टांग्यात तिची बोटं मांडीवर भराभर निऱ्या घालत होती. म्हणाली, उघडी आहे हा तिचा दोष नाही गं. तिला नेसवायला कोणी भेटलं नाही, इतकंच.

दाजीसाहेबांनी दरख्वास्त चौकात वाचून दाखवली. माणसं जमली होती, बायका गच्चीवर. तेवढ्यात कोणीतरी म्हणालं की दाजी, ही देवी असेल तर हलवल्याचं पाप लागेल. कारण दूधवाल्या गवळणींनी घागरवालीच्या पायाशी फुलं ठेवायला सुरुवात केली होती, एकीने कुंकूही लावलं होतं. दाजीसाहेब संतापले. ही देवी नव्हे, हिला हळदकुंकू वाहाल तर धर्म बुडेल, हा नुसता दगड आहे, असं ते चांगलं मोठ्याने म्हणाले.

काकू गर्दीतून पुढे आली. पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाली, "दाजीसाहेब, पक्कं सांगा. दगडच ना?"

"दगड."

"देवीचा अंश नाही?"

"लवलेश नाही."

"मग मी हात लावला तर चालेल."

दाजीसाहेबांचा सारा जन्म दफ्तरात गेलेला, चार माणसांसमोर दिलेला शब्द फिरवायचा नाही ही त्यांची ख्याती. त्यांनी एकदा काकूंकडे पाहिलं, एकदा घागरवालीकडे. चालेल, म्हणाले. आणि मग आपलं काहीतरी राहावं म्हणून पुढे जोडलं की गौरी यायच्या दिवशी संध्याकाळपर्यंत ही बाई शोभेशी दिसली तर दरख्वास्त फाडू, नाही दिसली तर पाठवू.

काकू घरी आली ती जवळजवळ नाचतच. तिने पेटी उघडली आणि तळातून एक हिरवं चंदेरी लुगडं काढलं. काकांनी खास चंदेरीहून आणलेलं, जरीच्या बुट्ट्या, हातात घेतलं तर धुकं उचलल्यासारखं वाटावं. काका गेल्यापासून त्याची घडी मोडली नव्हती. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, मी आता हे नेसायची नाही, तर हिने नेसू दे, पेटीत सडून काय फायदा.

गौरी यायच्या दिवशी सकाळी सगळा चौक गोळा झाला. सान्याने पाणी बंद केलं आणि विजेच्या खांबांवर चढायची शिडी आणवली. काकू तोंडात टाचण्या धरून वर चढली. तोंडात टाचण्या असल्यामुळे तिला बोलता येत नव्हतं, आणि हा प्रकार आम्ही कोणी आधी पाहिलेला नव्हता. चोळी तिने आधीच बेतून ठेवली होती, एका बाजूने नाड्यांची, कारण वर केलेला हात खाली घ्यायला सांगणार कोणाला. एवढ्यात पहाऱ्यावरचा शिपाई धावत आला. "माताजी, नीचे उतरिए," तो म्हणाला, "सरकारी औरत है." काकूंनी वरूनच पदराचं टोक त्याच्या हातात दिलं आणि खुणेने सांगितलं, ताणून धर. तो ताणून धरून उभा राहिला. पुढे काम संपेपर्यंत तो तिथून हलला नाही.

काय हात चालत होते तिचे. दोन वर्षं कोंडून ठेवलेले ते हात. दगडाची बाई बघता बघता कुलीन झाली. निऱ्या पडल्या, काष्टा बसला, पदर खांद्यावरून घागरीला वळसा घालून मागे गेला. घागरवाली आता अशी दिसत होती की छावनीतलीच कोणी सून पाणी भरून घरी निघाली आहे आणि वाटेत कोणी हाक मारली म्हणून थबकली आहे. गच्चीवरच्या बायकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. दाजीसाहेबांची खिडकी पूर्ण उघडी होती. काकूंनी टाचण्या तोंडातून काढल्या आणि सान्याला म्हणाली, छोडो पाणी.

सान्याने पाणी सोडलं. घागरीतून धार आली, नाचली, घागरवालीच्या खांद्यावरून खाली वाहिली, आणि ते धुक्यासारखं चंदेरी लुगडं क्षणात दगडाला चिकटून नाहीसं झालं. बाई होती त्याहून उघडी दिसायला लागली. आधी निदान पांढरी होती, आता हिरवी आणि चमचमती, जरीचे बुट्टे नको नको त्या जागी. भरीला लुगड्याने रंग सोडला. हौदातलं पाणी हिरवं झालं, शिडीवरची काकू कमरेपासून खाली हिरवी झाली, आणि शिपायाच्या मिशाही हिरव्या झाल्या.

सगळा चौक हसायला लागला. मी इतकी हसले की मला भिंतीचा आधार घ्यावा लागला. सगळ्यांत जास्त काकू हसत होती. शिडी गदगदा हलायला लागली तशी शिपायाने दोन्ही हातांनी ती धरली आणि तोही हसायला लागला. आणि तेवढ्यात समोरची खिडकी लागली. लागल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

हसू विरत गेलं. काकू शिडीवरून उतरली आणि हौदाच्या कठड्यावर बसली. दरख्वास्त आता जाणार, घागरवाली जाणार, हे तिला कळलं होतं. तिचे हात मांडीवर पडलेले होते, आणि मी पहिल्यांदाच पाहिलं की तिची बोटं हलत नाहीत. हळूच म्हणाली, "मला सब पता होतं गं. चंदेरी पाण्याची नाही, एवढंच नव्हतं पता." मी तिच्या शेजारी जाऊन बसले. दुसरं काय करणार.

थोड्या वेळाने दाजीसाहेबांचा गडी आला. त्याच्या हातात एक घडी घातलेलं लुगडं होतं, जाडजूड इरकली, गडद जांभळं, रुंद काठाचं. मालकांनी सांगितलं आहे की हे जाड आहे, एवढंच तो म्हणाला आणि परत गेला.

काकूंनी घडी उलगडली आणि ती थांबली. ते लुगडं तिच्या ओळखीचं होतं. दाजीसाहेबांच्या वारलेल्या पत्नीचं ते, आणि त्या असताना दरवर्षी त्यांच्या घरच्या ज्येष्ठेला काकूंनी स्वतः तेच नेसवलेलं. तिने काठावरून एकदा हात फिरवला. मग उठली, टाचण्या तोंडात धरल्या आणि शिडी चढली. सान्याने पुन्हा पाणी बंद केलं, काकूंनी ओलं चंदेरी लुगडं उतरवलं आणि शिपायाने न सांगता इरकलीचा पदर धरला.

मग सान्याने पाणी सोडलं. धार आली, इरकलीवर पडली आणि थेंब थेंब होऊन घरंगळली. निऱ्या तसूभर हलल्या नाहीत. घागरवाली कोणाचीही आई, आत्या, मावशी शोभेल अशी उभी होती.

दाजीसाहेब खाली उतरून आले. हातात काठी. ते घागरवालीसमोर बराच वेळ उभे राहिले, आणि ते बाईकडे पाहत नव्हते, लुगड्याकडे पाहत होते. मग खिशातून दरख्वास्त काढली, फाडली आणि तुकडे परत खिशात ठेवले, कारण चौकात कचरा करणं त्यांना पसंत नव्हतं. जायला वळले आणि पुन्हा थांबले.

"आवडाबाई," ते म्हणाले, "आमच्या घरच्या दोघी अजून नेसायच्या आहेत."

काकू शिडीवरून खाली वाकली. म्हणाली, "दाजीसाहेब, त्या देवी आहेत."

दाजीसाहेबांनी घसा साफ केला. बंद खिडकीमागे बसून त्यांनी काय विचार केला असेल तो सगळा त्या खाकरण्यात होता. "मुखवटा बसल्यावर देवी," ते म्हणाले. "तोपर्यंत कोठी. कोठी म्हणजे पत्रा. पत्र्याला हात लावायला काय हरकत आहे? मुखवटा सूनबाई बसवील."

काकूंनी आपले दोन्ही हात पाहिले. ते हिरवे झालेले होते. मग पदराने डोळे पुसले, त्यामुळे गालही हिरवे झाले, आणि म्हणाली, "हिचा पदर टाचते आणि आलेच. त्यांना म्हणावं, जरा थांबा."

दाजीसाहेबांचा हा निर्णय आठवड्याच्या आत ग्वाल्हेरच्या सगळ्या लष्कर भागात गेला. पुढच्या भाद्रपदात काकूंच्या दाराशी पुन्हा टांगे लागले. ज्यांनी आदल्या साली तोंड फिरवलं होतं तेच आता कोठी म्हणजे पत्रा असं मला समजावून सांगायला लागले. मला ती पळवाट आवडली नव्हती, आणि मी काकूंना तसं बोलूनही दाखवलं, की सरळ हाक मारली असती तर काय बिघडलं असतं. काकू म्हणाली, अगं, कुठून आत घेतलं ते सोड, आत तर गेले. आणि माझ्या पदराची चुणी नीट करून ती टांग्यात बसली.

घागरवालीला मात्र ती दरवर्षी सगळ्यात आधी नेसवायची. चौकाने त्याचीही प्रथा करून टाकली. गौरींच्या दिवसांत घागरवाली इरकलीत, एरवी तिच्या मूळ रूपात, आणि आश्चर्य म्हणजे एरवीच्या रूपाकडेही मग कोणी फारसं बघेना. नवी सून डोळे उघडून पाणी भरायला शिकली. बहिणीचा प्रश्न तेवढा राहून गेला. सान्याची बदली झाली तेव्हा निरोप द्यायला गेलेल्या काकूंनी त्याला पुन्हा बजावलं की कुठे तरी खोका अडकून पडला असेल, चौकशी करा.

काही वर्षांनी आमचंही ग्वाल्हेर सुटलं. यजमानांना मुंबई इलाख्यात नोकरी मिळाली आणि निघायचा दिवस नेमका गौरी यायचा आला. आदल्या दिवशी काकूंशी रडून झालं होतं, त्यामुळे सकाळी ती कामावर गेली याचं मला वाईट वाटलं नाही. सामान, मुलं, वळकटी असा आमचा टांगा छावनीतून निघाला आणि चौकात आला.

काकू शिडीवर होती. केस आता बरेचसे पांढरे झालेले. अंगावर तेच जुनं पांढरं लुगडं होतं, हिरव्या डागांचं. ते डाग कधी निघाले नाहीत, आणि काकू ते लुगडं वर्षातून या एकाच दिवशी नेसायची. घागरवालीचा पदर सारखा करायला तिने एक हात घागरीपर्यंत वर नेला होता, दुसरा कमरेशी होता, मान तशीच तिरकी. पाणी सुरू करून पाहिलं जात होतं आणि दोघींवर सारखेच तुषार उडत होते. एक जांभळी, एक पांढरी-हिरवी, दोघी घागरीला हात लावून उभ्या. टांगेवाल्याने घोडा जरा आवरला आणि तो सहज म्हणाला, "आज दोनों बहनें सज रही हैं."

मी हाक मारणार होते. पण तिने वरूनच मला पाहिलं, तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि सगळ्या चौकाला ऐकू जाईल असं ओरडली, "सातारकरीण, निऱ्या बघ आधी."

मी खाली पाहिलं. मुलाला मांडीवर घेण्याच्या गडबडीत सगळ्या निऱ्या सुटल्या होत्या. बसल्या जागी मी त्या एकेक करून घातल्या, नीट, तिने शिकवल्या तशा, आणि खोचून वर पाहिलं तेव्हा चौक मागे गेला होता.